विरजण

पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. लोणीकंद.
यार्डातल्या खडीवर ओल उतरली आहे
आणि चारशेच्या जुन्या तारा
तव्यावर पाणी शिंपडावं तशा चुरचुरतात.
नवी लाईन मात्र मुकी.
एकशे अठरा टॉवर चढत-उतरत
घाटाखालून इथवर आली
आणि आमच्या गॅन्ट्रीवर लटकून राहिली,
दारापर्यंत येऊन बेल न वाजवणाऱ्या पाहुण्यासारखी.

हॉटलाईन.
"लोणीकंद. तापकीर बोलतेय."
"झोडगे. खालून."
खालून म्हणजे डोंगराच्या पोटातून,
जिथे अडीचशे मेगावॉटचं यंत्र
आठवडाभर तेलपाणी होऊन बसलंय
आणि डिझेलवर जेमतेम पंखे नि दिवे.
"मॅडम, द्या आता थोडी."

बाहेरच्यांना सांगून हे पटत नाही:
वीज करणाऱ्या घरालाही
पहिली वीज शेजारून आणावी लागते.
येरवड्याच्या चाळीत आई मला वाटी देऊन
निगारमावशींकडे पाठवायची,
चमचाभर विरजण द्या म्हणावं.
वाटीवर पालथा हात धरून मी जिना उतरायचे.
सांडलं तर उद्याचं दही गेलं.

कळव्याहून कोड आला. वहीत उतरवला,
परत वाचून दाखवला.
अर्थिंग काढलं. आयसोलेटरच्या दांड्या
संधिवात झाल्यासारख्या सावकाश आडव्या झाल्या.
शफीकने खालून टॉर्च मारली:
लाल बसला, पिवळा बसला, निळा...
निळाही बसला.
मग ब्रेकर.
एक दणका, आणि साळुंक्यांचं सगळं झाड रिकामं.
"आली," झोडगे म्हणाला.
जरा थांबून, वेगळ्याच आवाजात: "आली आली."

एकाहत्तर नंबरच्या टॉवरपाशी, दोन वर्षांपूर्वी,
हौसाबाई दरेकरांनी आपल्या बागेतला पेरू कापून
तिखटमीठ लावून माझ्या हातावर ठेवला
आणि विचारलं,
"ह्यातली आमच्या घरात कोणती येणार?"
मी नकाशा उघडला. मिटला.
एवढी मोठी वीज एकदम घरात शिरत नाही, मावशी,
आधी पुण्याजवळ जाते, मग लहान होत होत...
"म्हंजे जाताना डोक्यावरनं जाणार,"
त्या म्हणाल्या, "आन् येताना पुण्याहून येणार."
पेरू गोड होता.
त्याहून जास्त मला काही सांगता आलं नाही.

बाराव्या दिवशी झोडगे काटा बघत होता
आणि मी इथे नुसता आकडा.
काटा गोल फिरतो. एवढंच सांगतो, की
त्याचं यंत्र आणि बाकीचा अख्खा देश
एका चालीत आहेत का.
घाई केली तर हातभर जाडीचा दांडा पिळवटेल;
फार थांबलं तर काटा पुन्हा वळशाला जातो.
"एकोणपन्नास पॉइंट नऊ सात," मी सांगितलं.
"मी जरासा पुढे आहे."
"जरासं पुढेच असा. मागे राहिलात
तर आम्हालाच ओढावं लागेल."
"अकरा," झोडगे म्हणाला. "साडेअकरा."
बाराच्या किंचित अलीकडेच बटण दाबायचं असतं,
कारण ब्रेकरलाही मिटायला
पापणीएवढा वेळ लागतो.
मग फोनवर काहीच नाही.

पडद्यावर शून्याचे चार झाले. नऊ. सोळा.
आकड्यापुढचं चिन्ह उलटलं;
काल आम्ही देत होतो.
आणि एवढ्या खटपटीनंतर
देशाचा तो नऊ सात
नऊ सातच राहिला.
शफीक म्हणाला, काही झालंच नाही का?
मी म्हटलं, असंच व्हायला हवं असतं.

आता यातली झोडग्यांची कुठली,
इथली कुठली, हे कुणी शोधू नये.
लागलेल्या दह्यात चमचा घालून
निगारमावशींचं तेवढं बाजूला काढता येत नाही.

सात वाजता शिफ्ट सुटली.
नगर रस्त्याने वाघोलीला घरी आले,
बूट काढले, चहासाठी दिव्याचं बटण दाबलं.
पुन्हा दाबलं.
मग आठवलं, आज गुरुवार.
संध्याकाळपर्यंत आमचा फीडर बंद.
अंधाऱ्या ओट्यापाशी उभी राहून मी एकटीच हसले,
आणि वाटलं, हौसाबाईंचा नंबर घेऊन ठेवायला हवा होता.